चाकांचे घर, जागेवर पोहोचते केलेले

एप्रिल-मे महिना आला की ओळखीच्या चार घरांतून तरी कोणी ना कोणी अमेरिकेला निघालेले असते. मुलगा किंवा मुलगी तिकडे, नातवंडांच्या सुट्ट्या तोंडावर, आणि अम्मी-अब्बांना एकदाचा व्हिसा मिळालेला. पहिले पंधरा दिवस पाहुणचारात जातात. मग मुले कामाला जातात, नातवंडे आपापल्या खोलीत, आणि म्हातारी माणसे खिडकीतून समोरचा रिकामा रस्ता बघत बसतात. जुलैत जोडून सुट्टी येते तेव्हा जावई म्हणतो, "चला, या वेळी कॅम्पिंगला जाऊ." त्यावर अम्मी आपले ठरलेले वाक्य बोलतात : "तुम्ही जा, मी घर सांभाळते."

या वाक्यावर फार विश्वास ठेवू नये असे माझे मत आहे. तीन वर्षांपूर्वी मी आणि आपा (माझी थोरली बहीण) शिकागोजवळ भाचीकडे होतो, तेव्हा आपाही हेच बोलली. भाचीने एकदा आग्रह केला, दोनदा केला, मग गप्प बसली. रात्री मी आपाला विचारले तेव्हा खरे कारण बाहेर आले. "तंबूत जमिनीवर निजायचे, आणि रात्री तीनदा उठून अंधारातून मोरीपर्यंत चालत जायचे. या गुडघ्यांनी? आणि कोणाला उठवू? जावयाला?" तिला जंगल नको नव्हते. रात्रीची लाज नको होती. हे कारण कोणतीही आई जावयासमोर सांगणार नाही, म्हणून ते आपणच ओळखून विचारावे लागते.

यावर तिकडे एक सोय आहे. तिच्याबद्दल आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसते, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत कॅम्पिंग म्हणजे रानात कुठेही चूल मांडणे नव्हे. सरकारी उद्यानांत आणि खासगी जागांवर आखलेले, नंबर घातलेले प्लॉट असतात. प्रत्येक प्लॉटवर बाकांसकट एक लाकडी टेबल, आग पेटवायला लोखंडी कडे आणि गाडी उभी करायला जागा. थोड्या अंतरावर सामाईक संडास-न्हाणीघर. तिथे कोणी तंबू ठोकतो, कोणी चाकांवरचे घर घेऊन येतो. या घराला कॅम्पर किंवा ट्रेलर म्हणतात. आत पलंग, छोटे स्वयंपाकघर, फ्रीज, एसी आणि आपला स्वतंत्र संडास. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावाच्या आसपास अशी घरे बनवण्याचे इतके कारखाने आहेत की देशातले बहुतेक कॅम्पर त्याच भागातून रस्त्यावर येतात.

अडचण ओढण्याची. आमच्या जावयाला आधी वाटले, आपल्याच गाडीला जोडून नेऊ. पण आठ-नऊ मीटर लांबीच्या कॅम्परचे वजन तीन हजार किलोच्या घरात जाते, आणि तिकडे कुटुंबे जी मिनीव्हॅन वापरतात तिची ओढण्याची मर्यादा साधारण सोळाशे किलो. शिवाय एवढे धूड हायवेवर वाऱ्यात हेलकावे खाते आणि मागे घेताना उलटे वळते. ते सवयीचे काम आहे, सुट्टीत शिकण्याचे नव्हे. म्हणून तिकडे कॅम्परचे मालक 'डिलिव्हरी' देतात. आरव्हीशेअर, आउटडोअर्सी अशा कंपन्यांमार्फत घरमालकांचे कॅम्पर भाड्याने मिळतात, आणि गावोगावचे छोटे धंदेवाईकही असतात. मालक स्वतःच्या पिकअपने कॅम्पर तुमच्या प्लॉटवर आणतो, चाकांना ठोकळे लावतो, पातळी बघून चारही कोपऱ्यांना टेकू देतो, वीज जोडतो, गॅसच्या टाक्या उघडून देतो. तुम्ही आपल्या गाडीने जायचे. शेवटच्या दिवशी तो येऊन घेऊन जातो.

आपाला हे ऐकवले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला : "संडास आतच आहे ना?" मग म्हणाली, "मग मसाला मी वाटते."

आम्ही गेलो वॉरन ड्यून्सला. मिशिगन राज्याचे हे उद्यान शिकागोहून गाडीने दीड तासावर आहे. लेक मिशिगनच्या काठावर वाळूचे डोंगर, त्यांतला उंच भाग सरोवरापासून २६० फुटांवर जातो. पाणी गोडे, पण लाटा समुद्रासारख्या. आपा रत्नागिरीची, तिला पहिल्या संध्याकाळी पाण्याची चव घेऊन बघितल्याशिवाय राहवले नाही.

आता कामाचे बोलू, आणि ते पाण्यापासूनच सुरू करावे लागेल. काही कॅम्पग्राउंडवर प्रत्येक प्लॉटला वीज, नळ आणि सांडपाण्याची जोडणी, तिन्ही असतात. त्याला 'फुल हूकअप' म्हणतात. खासगी जागांवर हे बऱ्याचदा मिळते. सरकारी उद्यानांत मात्र अनेक ठिकाणी फक्त वीज असते, आम्हाला मिळालेल्या प्लॉटवरही तेवढेच होते. मग पाणी कॅम्परच्या पोटातल्या टाकीतून येते, आणि वापरलेले पाणी दुसऱ्या दोन टाक्यांत साठते : बेसिन-न्हाणीचे एका टाकीत, संडासाचे दुसऱ्या टाकीत. उद्यानाच्या फाटकाजवळ या टाक्या रिकाम्या करण्याची जागा असते. ज्यांनी कॅम्पर स्वतः ओढून आणला ते मधेच तिथे जाऊन येतात. पण पोहोचता केलेला कॅम्पर जागचा हलत नाही. म्हणजे टाकी भरली की मुक्काम संपेपर्यंत तो संडास बंद. ज्या सोयीसाठी एवढा खर्च केला तीच जाते, आणि तीही नेमकी रात्री.

मालक तुम्हाला सांगेल, "चार दिवस सहज पुरेल." तो खोटे बोलत नाही. पण त्याचा अंदाज कागद वापरणाऱ्या गिऱ्हाइकांवरून बांधलेला असतो. आपल्या घरात पाणी लागते. हिशोब असा. ताज्या पाण्याची टाकी साधारण १५० लिटर, संडासाची ११०-११५. आम्ही चार मोठी माणसे आणि दोन मुले. प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा तोच संडास वापरला आणि एका वेळी दोन लिटर पाणी गेले, तर दिवसाला साठ लिटर. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी टाकी भरली. चार जणांचा पाच वेळचा वुजू आतल्या नळाखाली झाला, तर प्रत्येकी तीन लिटर धरून आणखी साठ लिटर गेले. आंघोळीचे तर नावच नको.

भाचीने हा हिशोब घरीच कागदावर केला आणि नियम ठरवून टाकला : आतला संडास फक्त आपाचा आणि रात्रीचा. दिवसा बाकीच्यांनी सामाईक इमारतीत जायचे, आंघोळ तिथेच, वुजू शक्य तेव्हा तिथल्या बेसिनवर आणि नाहीतर बाहेर टेबलाजवळ लोट्याने. लोटा तिने घरून आणला होता. तिसऱ्या दिवशी मालकाने टाकीचा काटा बघितला आणि जरा आश्चर्याने आमच्याकडे बघितले. तुम्हाला एवढे काटेकोर राहायचे नसेल तर दोन मार्ग आहेत. एक, तिन्ही जोडण्या असलेला प्लॉट शोधा, माझ्या मते म्हातारे माणूस बरोबर असेल तर हाच शोधावा. दुसरा, मधल्या दिवशी टाकी उपसून नेणारी गाडी मिळते का ते मालकाला बुकिंगच्या आधी विचारा. आणि संडासात त्याने दिलेल्या कागदाशिवाय काही टाकू नका. ओले टिश्यू तर मुळीच नकोत, मुलांना हे दहा वेळा सांगावे लागते.

विजेचे दुसरे. साधारण कॅम्परला ३० अँपिअरची जोडणी असते. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणजे एकूण ३६०० वॅट. एसी चालू असताना कोणी विजेच्या किटलीवर चहा ठेवला आणि तेवढ्यात मायक्रोवेव्हही लावला की सगळे बंद पडते. दरवाजाशेजारच्या पेटीतला खटका वर केला की पुन्हा येते, घाबरू नये. चहा गॅसवर करावा हे उत्तम. इथून नेलेला मिक्सर तिकडे चालणार नाही, म्हणून वाटण आधीच करून बर्फ करून न्यावे.

स्वयंपाकाविषयी माझे मत भाचीच्या मताहून वेगळे आहे. तिला आत चूल आहे म्हटल्यावर सगळे आतच करायचे होते. मी म्हणते, कॅम्परमधली चूल दूध तापवायला आणि अंडी करायला. आत फोडणी घातली की धुराची घंटी किंचाळते, आणि तळणाचा वास गाद्या-पडद्यांत असा बसतो की मालक सफाईचे जादा पैसे मागेल आणि त्यात त्याची चूक नसेल. बाहेरच्या टेबलावर दोन बर्नरची छोटी शेगडी ठेवली की झाले. आम्ही शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरून हलाल कीमा आणि कोंबडी घेतली, घरी मसाला लावून कडक गोठवली आणि तशीच नेली. हे गोठवणे महत्त्वाचे, कारण गॅसवर चालणारे कॅम्परचे जुने फ्रीज गार व्हायला आठ-दहा तासही घेतात. मालकाला आदल्या रात्रीपासून फ्रीज चालू ठेवायला सांगा, आणि आत गार झालेलाच माल ठेवा. आगीच्या कड्यावरच्या जाळीवर आधी कोणी काय भाजले ते आपल्याला माहीत नसते. त्यावर जाड फॉइलचे दोन थर घालावेत, किंवा स्वतःची जाळी न्यावी. कॅम्परमध्ये भांडी असतात, पण आपला तवा आणि दोन पातेली बरोबर असली की मनाला शंका राहत नाही. कुत्रा घेऊन येणाऱ्यांना दिला जाणारा कॅम्पर नको असेल तर तेही आधी विचारता येते. अंगावर पुरळ येणाऱ्या मुलांची आईसुद्धा हेच विचारते, मालकाला त्यात वावगे वाटत नाही.

हे सगळे बाईने एकटीने करायचे असेल तर मात्र त्याला सुट्टी म्हणू नका, घरातली चूल फक्त ऐंशी मैल दूर नेली इतकेच. आमच्याकडे कबाब जावयाने भाजले, भांडी मुलांनी घासली (अर्धी), आणि भाची दुपारी दोन तास खुर्चीत झोपली. आपाने मसाला वाटला तो घरी, हौसेने.

झोपण्याच्या जागेबद्दल जाहिरातीत 'आठ जणांसाठी' असे लिहिलेले असते. त्यात जेवणाचे टेबल खाली करून होणारा पलंग आणि सोफा धरलेले असतात. मोठ्या माणसांना नीट झोपायला चारच जागा समजा. मागच्या बाजूच्या वर-खाली पलंगांना वजनाची मर्यादा असते, ती तिथेच चिकटवलेली असते, वाचावी. म्हाताऱ्या माणसासाठी पलंगाच्या दोन्ही बाजूंनी चालायला जागा आहे का ते फोटोत बघा, नाहीतर भिंतीकडच्या माणसाला दुसऱ्याच्या अंगावरून उतरावे लागते. दाराला दोन-तीन उंच लोखंडी पायऱ्या असतात. आमचा मालक निवृत्त गृहस्थ होता, त्याने आपाचे चालणे बघितले आणि काही न बोलता पिकअपमधून एक लाकडी पाट आणून पहिल्या पायरीखाली ठेवला. तुम्ही आधीच सांगितलेत तर कोणीही एवढे करतो.

पैशाचे स्पष्टच सांगते, हे स्वस्त नाही. आमचे तीन रात्रींचे बिल ठोकळमानाने असे झाले : कॅम्परचे भाडे रात्रीचे १४० डॉलर, आणण्या-नेण्याचे १८०, सफाईचे ७५, वर कंपनीचा आकार, विमा आणि कर. सगळे मिळून आठशेच्या पुढे. प्लॉटचे भाडे उद्यानाला वेगळे, गाडीच्या प्रवेशाचे वेगळे, आणि अनामत अडकली ती परत मिळाली. प्रत्येक मालकाचा दर निराळा, पण बिलाची घडण बहुधा हीच असते, म्हणून जाहिरातीतला रात्रीचा आकडा बघून हिशोब करू नये. आणण्या-नेण्याचा खर्च एकदाच होतो. एका रात्रीसाठी तो फुकट जातो, तीन-चार रात्री असतील तरच घ्यावा. सरोवराकाठच्या गावात जुलैत हॉटेलच्या दोन खोल्या घेतल्या असत्या तरी जवळपास एवढेच झाले असते. घरात म्हातारे कोणी नसेल आणि मुले जरा मोठी असतील तर तंबू घ्या, तीन-चारशे डॉलर वाचवा. कॅम्परचे पैसे गुडघ्यांसाठी द्यायचे असतात.

बुकिंगचा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी प्लॉट, मग कॅम्पर. प्लॉट नक्की करताना त्याची लांबी बघा, कॅम्पर त्यात मावला पाहिजे. आणि उद्यानाला थेट विचारा : बाहेरच्या माणसाने कॅम्पर आणून ठेवलेला चालतो का? काही उद्याने फक्त आपल्या यादीतल्या लोकांना परवानगी देतात, काही ठिकाणी ज्याच्या नावावर प्लॉट आहे तो हजर असल्याशिवाय आत सोडत नाहीत. भाचीच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा कॅम्पर असाच एका उद्यानाच्या फाटकावरून परत गेला. मालक भाडे परत देईना, उद्यान नियमावर बोट ठेवी, आणि मुले गाडीत रडत होती. शेवटी रात्री मोटेल शोधावे लागले. एक फोन आधी केला असता तर टळले असते. आणखी एक, घड्याळ. शिकागोहून मिशिगनमध्ये शिरलात की वेळ एक तास पुढे जाते. मालकाने तीनला बोलावले तर ते शिकागोचे दोन.

जुलैत तिथे सूर्य नऊच्याही नंतर, सव्वानऊच्या पुढे मावळतो, आणि दहापासून शांततेची वेळ सुरू होते. मगरिबनंतर निवांत शेकोटी आणि जेवण असा बेत केलात तर मुले उपाशी झोपतील. जेवण सातला उन्हातच उरकावे, शेकोटी नंतर. फोनवरची इशाची अजान बारीक आवाजात ठेवावी, शेजारच्या तंबूत तान्हे मूल असते. किब्ल्याची एक गंमत. कोकणात समुद्राकडे तोंड केले की जवळजवळ किब्लाच होतो. आपा सवयीने सरोवराकडे तोंड करून उभी राहिली, पाणी पश्चिमेलाच होते ना. नातवाने फोन दाखवला : तिथून किब्ला ईशान्येला, पाण्याकडे पाठ करून. आपा हसली आणि चटई फिरवली.

लाकूड घरून नेऊ नका. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ अ‍ॅश झाडे पोखरणारा एक हिरवा किडा सापडला, आणि जळाऊ लाकडाबरोबर तो दूरवर पसरला. कोट्यवधी झाडे मेली. लाकूड तिथेच विकत मिळते, तिथेच जाळायचे. रात्री टेबलावर खाणे ठेवू नये, रॅकून येऊन डबे उघडतात. मुले गवतातून आली की कानामागे आणि गुडघ्यामागे गोचीड बघावी.

आणि पाणी. गोडे सरोवर म्हणून हलके घेऊ नका. लाटा असतात तेव्हा पाण्याखालून ओढ असते, चांगल्या पोहणाऱ्यालाही ती आत नेते. किनाऱ्यावर जीवरक्षक असेल असे समजू नये. झेंडे असतात : हिरवा, पिवळा आणि लाल. लाल असेल तर पाण्यात उतरायचे नाही, दोन लाल असतील तर पाण्यात जायलाच मनाई असते. आमच्या दुसऱ्या दिवशी लाल होता. मुलांनी तोंडे पाडली, जावई म्हणाला, गुडघाभर पाण्यात काय होते. भाचीने ऐकले नाही. मुले दिवसभर वाळूच्या डोंगरावरून लोळत खाली आली आणि आपा खालून मोजत राहिली, कोण किती वेळा.

निघण्याच्या दिवशी मालक यायच्या आत आतले-बाहेरचे फोटो काढून ठेवा, आल्या दिवशीचेही काढलेले असू द्या. दारावरची कापडी छत्री रोज रात्री गुंडाळावी. वाऱ्याने ती मोडते, आणि अनामत सर्वांत जास्त तिच्यापायी कापली जाते.

मिशिगनची सरकारी उद्याने सहा महिने आधी प्लॉट खुले करतात आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लवकर संपतात. म्हणजे जुलैत जायचे असेल तर जानेवारीतच संगणकासमोर बसायला हवे. तिकडच्या मुलीला आजच सांगून ठेवा, आणि सांगताना अम्मींचे तिकीट कधीचे आहे तेही कळवा.